बळीसाठी आल्याचं पाणी

सेक्टर १३, नवीन पनवेल
१८ नोव्हेंबर २०२४

चि. बळीराम,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र हितेशच्या हातून येतंय. सोबत काचेची बाटली आहे. आधी पत्र वाच, मग बाटली उघड. तू उलटं करणार हे मला माहीत आहे.

काल व्हिडिओवर तुला पाहिलं. मी एकेक प्रश्न विचारत होते आणि तू नुसती मान हलवत होतास. रेडिएशननं आवाज बसलाय हे मान्य. पण हात तर शाबूत आहेत ना? मग मला ते अंगठे आणि गुलाबाची फुलं पाठवू नकोस. हितेशनं, तुझ्या स्वतःच्या मुलानं, दिलेल्या मोबाइलवर तुला यापलीकडे काही येत नाही, म्हणून आजपासून पत्रं. मी जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले, आणि आता सख्ख्या भावाशी बोलायला मला कागद लागतोय. लागू दे. बोर्डिंगात सिस्टर आम्हाला दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवायच्या. त्यातलं एकही तू वाचलं नाहीस. त्याची भरपाई कर.

मी स्वतः आले असते. पण घोट्यात सळई आहे, घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. घसरले तीही त्याच जिन्यावर. त्यामुळे मी वर आणि तू चिरनेरला.

मालू म्हणाली, केमोनंतर तुझ्या पोटात काही ठरत नाही. पाणीसुद्धा उलटून पडतं. आणि डॉक्टरांनी सांगितलंय की वजन असंच उतरत राहिलं तर पुढची केमो देता येणार नाही. तेव्हा काहीतरी पोटात राहायला हवं. एवढा एकच मुद्दा आहे. गावातले शहाणे येऊन बाकी काय काय सांगतील ते या कानानं ऐक आणि त्या कानानं सोड.

आमच्या खालच्या मजल्यावर हेतल नावाची बाई राहते. ती 'वेलनेस ग्रुप' चालवते. म्हणजे रोज सकाळी आल्याचा रस औषधाच्या पेल्याएवढ्या ग्लासात ओतून त्याचा फोटो टाकते. त्याला शॉट म्हणायचं. त्यानं वजन घटतं, कांती उजळते आणि मन शांत होतं. तिची मुलं दिवसभर जिन्यात किंचाळत असतात, त्यांना बहुधा देत नसावी. तर या बाईकडे मी शिकायला गेले. म्हणजे तिला वर बोलावलं. हे माझ्याकडून करवून घेणारा तू जगातला एकटा माणूस आहेस.

आलं कोवळं घ्यायचं, पातळ सालीचं. जुन्याला दोरे फार. चमच्यानं साल खरवडायची, किसायचं, फडक्यातून पिळायचं. रस वाटीत तसाच ठेवला की तळाशी पिठासारखा पांढरा गाळ बसतो. तो सोडून वरचा घ्यायचा. त्यात लिंबू, मध, चिमूटभर मीठ आणि उकळून गार केलेलं पाणी. हे सगळं मी एका स्टुलावर बसून, दुसऱ्यावर पाय ठेवून केलं. सगळ्या ओट्याची रया गेली.

घोट घोट प्यायचं. गटागटा नाही. आणि उत्तर लिही.

तुझी बाय,
जनी

—

चिरनेर
२१ नोव्हेंबर

ती. बाय,
नमस्कार.

मी बाटली आधी उघडली.

मालूनं विचारलं, हे जनीबायनं सोता बनवलं? मी मान हलवली. ती बोलते, मंग जपून प्या.

आई आज असती तर गावभर सांगत फिरली असती. तू सुट्टीला यायचीस तवा चुलीपाशी कवा बसलीस? तुज्या हातात पुस्तक आनी आईच्या हातात फुंकनी. आई बोलायची, जनीला चुलीपाशी बसवली तर ती चुलीला इंग्लिश शिकवील, भात कच्चाच रायचा. आनी आता तू आलं किसतेस. मी आजारी पडलो ते फुकट नाय गेलं.

पानी चांगलं हाय. तोंडात जरासं चरचरतं. पन चांगलं हाय. मळमळ कमी वाटते. काल पेज ठरली.

आपल्यात कोनाचं भांडं रिकामं परत करत नाय, म्हनून बाटलीत कडवे वाल भरलेत. भिजव, मोड आले का सोल आनी बिरडं कर. नाय जमलं तर तुज्या त्या हेतलला दे. ती फोटो काढील.

पायाला जप. जिन्यावर जाऊन उभी राहू नको.

तुझा,
बळीराम

—

नवीन पनवेल
२५ नोव्हेंबर

चि. बळी,

वाल मिळाले. सोलता सोलता अर्धे जमिनीवर घरंगळले, मला वाकता येत नाही, ते अजून तिथंच आहेत. उरलेल्यांचं बिरडं केलं. करपलं. खाल्लं.

पेज ठरली हे वाचून मी काठी न घेता उभी राहिले, आणि मग पुन्हा खाली बसावं लागलं. बघ, मी म्हटलं होतं. आता हे सोडायचं नाही.

चरचरतं म्हणे. चरचरणारच! आलं आहे ते, गुलकंद नव्हे. लहानपणी गुडघा फुटला आणि मी आयोडीन लावायला बसले की तू असाच बोंब मारून सगळी आळी गोळा करायचास. चरचरतं म्हणजे लागू पडतंय. तेव्हाही गुडघा बरा झाला होता, आताही होशील.

म्हणून या वेळी जरा कडक केलंय. आल्याचा रस आहेच, शिवाय सुंठ आणि चार मिरे ठेचून उकळलेत. साखर नाही, गूळ. हेतल म्हणाली, आँटी, थोडं माइल्ड ठेवा. मी तिला म्हटलं, तुझ्या ग्रुपमधल्या बायकांना आजार काय, तर चेहऱ्यावर तेज नाही. माझ्या भावाला खरा आजार आहे. त्याला खरं औषध हवं.

पुढची केमो पाच तारखेला ना? खारघरच्या हॉस्पिटलला जाताना टोपी घाल. आणि मालूला सांग, त्या दिवशी घरात सुकट भाजू नकोस, वासानंच तुला उमासे येतील. बिडी बंद आहे ना? खरं लिही. तू बिडी ओढलीस तर मला पनवेलात वास येतो.

बाय

—

चिरनेर
६ डिसेंबर

ती. बाय,

बिडी बंद. देवाची आन.

बाटली संपली. सगळी. मालू साक्षीला हाय. या टायमाला तांदूळ भरलेत, नवा हाय, या वर्षीचा. पानी कमी घाल नायतर खीर व्हईल.

परवा पोरांनी शेतात पोपटी लावली व्हती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे. मना खुर्ची टाकून बसवला. मडकं उघडायला पोरं मनाच बोलली, काका तुमीच उघडा. मी काठीनं पाला सारला. बाय, काय वास! मी खाल्ली नाय, वासच घेतला. पन पोट भरलं खरं सांगतो. तू तिसरीत असताना वाफेनं हात भाजून घेतलास आनी कोनाला सांगितलं नाय, आठवतंय? मना माहीत व्हतं.

केमोची तारीख पुढं गेली. काळजी करू नको.

बळीराम

—

नवीन पनवेल
९ डिसेंबर

चि. बळी,

तारीख पुढे गेली म्हणजे काय? तारीख काय आपल्या पायांनी चालत जाते? कुणी ढकलली? का? किती? तू पोपटीवर पानभर लिहितोस आणि केमोवर एक ओळ!

हितेशला विचारलं, तर त्यानं घरात हेल्मेट घालून टाकलं. मी विचारलं, बाबांचं वजन किती? तो म्हणाला, आत्या, मला उशीर होतोय. त्याला कधी उशीर होत नाही. माझ्याकडे येऊन दोन वेळा चहा पिऊन तो जातो. तुम्ही सगळे त्या हॉस्पिटलला घाबरता. डॉक्टर म्हणतील ती पूर्व दिशा, हात जोडून बाहेर यायचं आणि मिळेल ती तारीख घ्यायची. माणूस बाटली संपवतोय, पेज ठरतेय, आणि यांना केमो द्यायला जागा नाही?

मी कागद काढून बसले आहे. हॉस्पिटलच्या प्रमुखांना येत्या सोमवारी पत्र जाणार, इंग्रजीत. सिस्टरांनी मला नम्र शब्दांत माणसाची सालं कशी काढायची ते शिकवलंय.

आता दुसरं. हेतलनं मला फेसाळणारं आल्याचं पाणी करायला दिलं. बरणीत आलं, साखर आणि पाणी. रोज थोडं आलं, थोडी साखर आणखी घालून ढवळायचं. काही दिवसांनी त्याला बुडबुडे येतात, म्हणजे ते जिवंत झालं म्हणे. सकाळी उठलं की त्याला खायला घालायचं. या घरात इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या हातचं खाणारं आलं, म्हणून मी जरा जास्तच घातलं. परवा झाकण उडालं ते ट्यूबलाइटला लागलं. हेतल बरणीशी वाकली होती, बालंबाल वाचली. घाबरू नकोस, हे आंबवलेलं तुला देणार नाही. केमोच्या माणसाला कच्चं काही द्यायचं नाही एवढं मला कळतं. तुझ्यासाठी उकळलेलंच आहे. मागच्यापेक्षा दुप्पट कडक.

वजन लिही. आकडा लिही. पोपटी नको.

बाय

—

चिरनेर
१२ डिसेंबर

ती. जनीबाय,
नमस्कार.

मी मालू. हे पत्र ह्यांना माहीत नाय. हितेशला माहीत हाय.

तुमी हॉस्पिटलला काय लिवू नका. तेंची काय चूक नाय. तारीख तेंनी ढकलली नाय. केमो बंद जाली. गेल्या महिन्याच्या शेवटाला तिथल्या डॉक्टरीनबाईंनी आमाला खुर्चीवर बसवून नीट सांगितलं. आजार खाली छातीत उतरलाय. आता केमो दिली तर तरास वाढेल, दिवस नाय वाढनार. ह्यांनी सगळं आयकलं. मंग उठून तिला नमस्कार केला. घरी येताना हितेशला खुनेनं सांगितलं, बायला बोलायचं नाय. मी सांगितलं, बायला कळल्याबिगर रानार हाय काय? तर हात जोडले माज्यापुढं.

दुसरं सांगते ते जास्त कठीन हाय. ह्यांच्या तोंडात फोड हायत. जीभ सोलून निघालीय. हॉस्पिटलात पयल्यापासून सांगितलेलं, तिखट, आंबट, आलं, मिरी, काय तोंडाजवळ न्यायचं नाय. तुमची पयली बाटली आली तवा मी बोलले, परत धाडू, मी सांगते बायना. तेंनी मानेनंच नाय सांगितलं. रोज घेतलं. घोट घेतला का डोळ्यांतून पानी गळायचं, दोनी हातांनी खाट धरून बसायचे. मंग जरा थांबलं का कागद मागायचे तुमाला लिवायला. दुसऱ्या बाटलीतला एकच चमचा गेला, तिसरी तर तेंना दिलीच नाय. बाकीचं माज्यान टाकवलं नाय, तुमी पाय दुखत असताना केलेलं. आळीतल्या बायकांना वाटून टाकलं. तेंना आवडलं. खोकला गेला बोलतात.

हे तुमाला सांगायला आमी सगळेच भितो. राग मानू नका जनीबाय, तुमची जीभ तशी हाय. पन आता दिवस थोडे रायलेत. तुमाला येता आलं तर या.

मालू

—

नवीन पनवेल
१३ डिसेंबर

प्रिय बळी,

मालूचं पत्र मिळालं. तिला काही बोलू नकोस. तिनं बरोबर केलं.

मी रागावलेले नाही. हॉस्पिटलसाठी लिहिलेला कागद फाडून टाकला. घरात आलं होतं ते सगळं काढून टाकलं. बरणी हेतलला दिली.

मी येतेय. हेतलला सांगितलं की मला खाली उतरायचंय, तर ती एक शब्द न विचारता माणसं गोळा करायला निघाली. खुर्चीत बसवून उतरवणार आहेत. रविवारी हितेश गाडी घेऊन येईल.

तुला काय चालतं ते मला सांग. जे चालत असेल ते. तू सांगशील तसंच होईल, मी मध्ये काही बोलणार नाही.

त्रास होत असेल तर उत्तर लिहू नकोस.

तुझी,
बाय

—

चिरनेर
१४ डिसेंबर

बाय,

तुजं पत्र वाचून घाबरलो. मालूला खुनेनं विचारलं, हे बायनंच लिवलं ना?

थंड पानी चालतं. शहाळं चालतं. दुसरं काय नको. काय आनू नको.

खुर्ची धरनाऱ्यांना चांगलं दणकट बघून घे. जिन्यावरनं पडलीस तर तू पयली का मी, अशी शर्यत लागंल.

ये.

बळी

—

चिरनेर
१८ जानेवारी २०२५

जनीबाय,

तेरावं जालं, दुसऱ्या दिवशी तुमी गाडीत बसल्यात तवा मी दारात आले नाय. चुलीपाशी बसून रायले. तुमी दोनदा हाक मारलीत ती मी आयकली. तुमाला वाटलं असंल दुःखात हाय. दुःखात तर हायच. पन तेच्यासाठी नाय.

तुमी आल्यात तवा मना धीर आला व्हता. खाटेपाशी बसल्यात त्या उठल्या नाय. कापसाच्या बोळ्यानं तोंडात पानी सोडलंत. तेंना बाळा बोलायच्या, राजा बोलायच्या. एक वाकडा शब्द नाय. मी मनात बोलले, मालू, तू उगाच या बाईला भीत व्हतीस इतकी वर्सं.

आनी त्या दुपारी मी मागं गोठ्यात गवत टाकत व्हते. तुमचा आवाज आयकला. मीच नाय, सगळ्या आळीनं आयकला. बिड्यांवरनं, दहावी नापास जाल्यावरनं, मिठागरात गेल्यावरनं. लबाड बोललात. गाढव बोललात. मरनाऱ्या मानसाला! मना पयलं वाटलं पोरांवर वरडताय. धावत आले तर ते गेलेले, आनी तुमी तेंचा हात धरून अजून बोलतच व्हत्या.

मी तवा काय बोलले नाय. घरात मानसं व्हती. पन पानी भरायला गेले का बायका विचारतात, शेवटाला भाऊ-बहिनीचं काय बिनसलं? जमिनीचं व्हतं काय? मी काय सांगू तेंना? मनाच माहीत नाय. आलं प्यायले, फोडांवर आलं प्यायले तुमच्यासाठी, आनी तेंच्या कानात शेवटाला काय पडलं? शिव्या.

मना सांगा काय व्हतं ते. नायतर परत या घरात पाय ठेवू नका.

मालू

—

नवीन पनवेल
२१ जानेवारी

मालू,

वर काय लिहावं इथंच अडले. तुझ्या नावाच्या आधी आता सौ. लिहायचं नाही असं जगाचं म्हणणं आहे. श्रीमती लिहायला हात होईना. म्हणून नुसतं मालू.

तू विचारलंस ते बरं केलंस. मी सांगणारच नव्हते. सांगण्यासारखं ते तेव्हा वाटलं नाही, आणि नंतर तुझ्याशी बोलायला गेले की तू उठून जायचीस.

तुझं ते डिसेंबरातलं पत्र वाचलं, तेव्हा दोन गोष्टी समजल्या. बळी जाणार, ही एक. आणि घरातलं प्रत्येक माणूस माझ्या जिभेला इतकं भितं की त्यासाठी सोललेल्या तोंडानं आलं पितं, पण मला 'नको' म्हणत नाही, ही दुसरी. पहिलीवर माझा काही इलाज नव्हता. दुसरीवर होता. मी ठरवलं, आता या घरात जाईन ती तोंड मिटून. त्याला उरलेले दिवस शांत जाऊ देत. तू पाहिलंस, मी ते केलं. सोपं नव्हतं. तुझा तो मामेसासरा येऊन खाटेशी बसून तपकीर ओढत होता तेव्हाही मी गप्प राहिले.

त्या दुपारी तू मागे गेलीस. हितेश औषध आणायला गेला होता. मी बोळ्यानं शहाळ्याचं पाणी देत होते. बळी डोळे उघडून माझ्याकडे पाहत होता. आधीचे काही दिवस तो तसाच पाहायचा, आपल्या घरात ही कोण परकी बाई येऊन बसलीय असं. मी म्हटलं, राजा, आज तुझा चेहरा किती छान दिसतोय. त्यानं तोंड फिरवलं.

मग त्यानं माझा हात ओढला आणि तळहातावर बोटानं काहीतरी काढायला लागला. मला पहिल्यांदा कळलं नाही. त्यानं पुन्हा काढलं. व. र. ड.

मला वाटलं, कुणाला तरी हाक मारायला सांगतोय. मी विचारलं, मालूला बोलावू? नाही अशी मान हलवली. हितेशला? पुन्हा मान हलवली. आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

मी म्हटलं, तुझ्यावर ओरडू? कशाला रे बाळा?

'बाळा' म्हटल्याबरोबर त्यानं असा चेहरा केला, मालू, तुला सांगते, इतक्या दिवसांत आलं पिऊनही केला नसेल. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आल्यापासून त्याला एक शब्द लागेल असा बोलले नव्हते. त्याच्या जन्मात असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवर बसवून सांगितलं, ते त्यानं ऐकून घेतलं होतं. पण माझ्या गोड बोलण्यानं तो मरत होता. त्याला बाळा म्हणणारी बहीण नको होती. त्याला मी हवी होते.

सुरुवात जमेना. ज्या जिभेची इतकी ख्याती, ती चालेना. मी हळूच म्हटलं, लबाडा, देवाची आण घेतलीस आणि उशीखाली बिडीचं बंडल आहे. त्याचे डोळे चमकले. खरंच होतं ते तिथं, ओढण्यासाठी नव्हे, नुसतं वास घ्यायला. मग मी जरा मोठ्यानं म्हटलं, गाढवा, तोंडात फोड असताना आलं कुणी पितं का? मला लिहिता येत नव्हतं? चरचरतं एवढंच लिहिलंस! 'बाय, तुझं औषध चुलीत घाल' असं लिहायला काय झालं होतं? तो हसला. आवाज नव्हता, पण खांदे हलले. तू त्याला हसताना शेवटचं केव्हा पाहिलंस, मला माहीत नाही. मी त्या दुपारी पाहिलं.

मग मला थांबवेना. सगळं काढलं. मी बोर्डिंगातून आणलेलं रंगीत पेन्सिलींचं खोकं त्यानं बोरांच्या बदल्यात देऊन टाकलं ते. गणितात नापास झाला आणि निकालाच्या दिवशी मिठागरात जाऊन लपला ते. वडील म्हणाले होते, तू तरी या मिठात पाय घालू नकोस, आणि हा दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन उभा. तुझ्याशी लग्न ठरलं ते मला शेवटी कळवलं ते. हो, तेही काढलं. मी म्हटलं, एवढी चांगली मुलगी मिळाली, ती तुझ्या कुठल्या गुणावर मिळाली ते सांग. त्यानं वर बोट दाखवलं, देवाची कृपा म्हणून.

त्याचं एक बोट माझ्या तळहातावर होतं. मी श्वास घ्यायला थांबले की ते टोचायचं. पुढे बोल. मी पुन्हा सुरू करायचे. पुन्हा थांबले की पुन्हा टोचायचं. म्हणून मी थांबायचंच सोडून दिलं. आळीनं ऐकलं म्हणतेस, ऐकलं असेल. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, आणि रडू येऊ लागलं की मी आवाज चढवत होते, त्याला कळू नये म्हणून.

मी थांबतच नव्हते, त्यामुळे ते बोट आता टोचत नाही, हे मला कळलं नाही. तू दारात येऊन उभी राहिलीस तेव्हा मी त्याला, पावसात डोकं न पुसता झोपतोस यावरून बोलत होते. त्यातलं किती त्यानं ऐकलं आणि कुठून पुढे एकटीच बोलले, ते मला कधी कळणार नाही.

पाणी भरताना बायका विचारतील तेव्हा सांग, जमिनीचं भांडण नव्हतं. त्यानं मागितलं ते मी दिलं. त्यांना पटलं नाही तर त्यांचा प्रश्न.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मागच्या महिन्याभरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतायत. हेतलसुद्धा दारात चप्पल न वाजवता येते. तुझ्या पत्रात एक शब्द गोड नाही. वाचून मी किती दिवसांनी पोटभर जेवले. आणखी काही मनात राहिलं असेल तर तेही लिही, काही गाळू नकोस.

जनी